उष्णताप्रेमी डोमेनची चॅपरोन चाचणी दर आठवड्याला वेगळं उत्तर देते: समस्या निवारण

लक्षणं

सोमवारी डोमेन टाकलं की सिट्रेट सिंथेजची (उष्णतेने ज्याच्या गुठळ्या होतात त्या एन्झाइमची) नळी तापवूनही स्वच्छ राहते. गुरुवारी तेच डोमेन, तेच प्रमाण, आणि नळी दुधासारखी पांढरी.

डोमेन न टाकलेली नळीसुद्धा दरवेळी वेगळी वागते. कधी पाच मिनिटांत गढूळ, कधी अर्धा तास झाला तरी नितळ.

डोमेन टाकल्यावर गढूळपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

गढूळपणाचा आलेख वर चढतो आणि मग आपोआप खाली येतो. किंवा करवतीच्या दात्यांसारखा खालीवर उडतो.

डोमेन दहापट कमी केलं तरी संरक्षण तेवढंच दिसतं. हे लक्षण सगळ्यांत फसवं, कारण ते बघून माणूस खूश होतो.

यातलं एक जरी दिसत असलं तरी पुढचं वाचा. उष्ण झऱ्यातल्या किंवा समुद्रतळाच्या उष्ण विवरातल्या सूक्ष्मजीवाच्या प्रथिनातला एक तुकडा, म्हणजे डोमेन, ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवायचा, शुद्ध करायचा आणि तो दुसऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या होऊ देत नाही, म्हणजेच तो चॅपरोन आहे, हे दाखवायचं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. बिघडलेल्या चाचण्या घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा डोमेन निर्दोष निघतं. दोष बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), तापमानात किंवा ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्या प्रथिनात असतो. म्हणून डोमेनवर संशय शेवटी घ्या. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय: आधी फुकटच्या तपासण्या, नंतर खर्चिक.

पहिली तपासणी: डोमेन नसलेली नळी

एक दिवस डोमेन फ्रीजमध्येच राहू द्या. नुसतं सिट्रेट सिंथेज घेऊन एकाच दिवशी पाच वेळा चाचणी करा. डुकराच्या हृदयातलं हे एन्झाइम दोन साखळ्यांचं असतं, एक साखळी साधारण ४९ किलोडाल्टनची. साखळीच्या हिशेबाने ०.१५ मायक्रोमोलर घेऊन ४३ अंश सेल्सिअसवर ठेवलं की थोडा वेळ शांतता, मग चढण, आणि नंतर पठार, असा आलेख यायला हवा. पाचही आलेख एकमेकांवर बसत नसतील तर पुढे जाऊ नका. ज्या मोजपट्टीचे आकडेच हलतात तिने काय मोजणार?

हलण्याची कारणं ठरलेली आहेत. हे एन्झाइम बहुधा अमोनियम सल्फेटमध्ये गाळाच्या रूपात येतं. ते मीठ पूर्ण काढलं नाही तर प्रत्येक नळीत वेगवेगळं मीठ जातं. गोठवून पुन्हा पुन्हा वितळवलेल्या नमुन्यात बारीक गुठळ्या आधीच तयार असतात, आणि त्या बियाण्यासारखं काम करून शांततेचा काळ खाऊन टाकतात. त्यामुळे लहान लहान वाटे करून गोठवा, वितळवल्यावर थंड सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवा आणि वरचंच घ्या. तिसरं कारण चटकन लक्षात येत नाही: ऑक्झॅलोअॅसिटेट. हा या एन्झाइमचा स्वतःचा सब्स्ट्रेट, म्हणजे ते ज्याच्यावर काम करतं तो रेणू, आहे आणि तो जागेवर बसला की एन्झाइम उष्णतेला जास्त टिकतं. त्याच क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) आदल्या दिवशी एन्झाइमची सक्रियता मोजली असेल आणि धुणं घाईत झालं असेल, तर उरलेला अंशच तुमचा चॅपरोन ठरू शकतो.

दुसरी तपासणी: डोमेन वगळून बाकी सगळं

माझ्या मते या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे, आणि लोक सर्वांत जास्त टाळतात तीही हीच.

एका तरुण सहकाऱ्याने मला दोन महिन्यांचे सुंदर आलेख दाखवले होते. डोमेन टाकलेली रेघ तळाशी सपाट, न टाकलेली आभाळात. मी विचारलं, डोमेन कशात आहे? निकेल कॉलममधून (हिस्टिडीनची शेपटी, म्हणजे टॅग, लावलेलं प्रथिन पकडणाऱ्या नळीतून) उतरवलेल्या बफरमध्ये: २५० मिलिमोलर इमिडॅझोल, ३०० मिलिमोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल. आणि डोमेन न टाकलेल्या नळीत काय होतं? साधा हेपेस बफर. आम्ही लगेच तो कॉलमचा बफर तेवढ्याच मापाने, डोमेनशिवाय, टाकून पाहिला. रेघ जवळपास तशीच सपाट आली. ग्लिसरॉल, साखरा, आर्जिनीन, जास्तीचं मीठ, सगळेच गुठळ्या होण्याचा वेग बदलतात. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणूनच हे इतकं ठासून सांगतोय.

उपाय सोपा आहे. डोमेनचं डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून बफर बदलणं) करताना शेवटच्या फेरीतलं बाहेरचं द्रावण फेकू नका, बाटलीत भरून ठेवा. डोमेनचे जितके मायक्रोलिटर टाकाल, तितकेच मायक्रोलिटर हे द्रावण कंट्रोलच्या, म्हणजे डोमेन नसलेल्या, नळीत टाका. डोमेनचं प्रमाण कमी केलं तर फरक याच द्रावणाने भरून काढा, म्हणजे प्रत्येक नळीत बफर अगदी एकसारखा राहतो. दहापट कमी डोमेनमध्येही तेवढंच संरक्षण दिसतं, हे लक्षण बहुतेक वेळा इथेच संपतं.

याच्याच जोडीला एक निष्क्रिय प्रथिन हवं. अनेकजण बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन घेतात, पण त्यालाही गुठळ्या रोखण्याची थोडी सवय आहे. म्हणून लायसोझाइमसारखं दुसरं एक प्रथिनही शेजारी ठेवा. तुमचं डोमेन दोघांपेक्षा ठळकपणे चांगलं ठरलं तरच बोला.

हे काटेकोर का, तर शब्दाच्या अर्थामुळे. रॉन लॅस्की यांनी १९७८ मध्ये न्यूक्लिओप्लाझ्मिनसाठी 'मॉलिक्युलर चॅपरोन' हा शब्द वापरला, आणि १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी तो इतर प्रथिनांपर्यंत नेला. दुसऱ्या प्रथिनाला चुकीच्या जवळिकीपासून वाचवायचं आणि शेवटच्या रचनेत स्वतः उरायचं नाही, ही त्यातली कल्पना. ग्लिसरॉलने गुठळी लांबली तर त्याला आपण हे नाव देत नाही.

तिसरी तपासणी: क्युवेटमधलं खरं तापमान

यंत्राच्या पडद्यावर ४३ दिसतं ते ठोकळ्याचं तापमान. पातळ तारेचा सेन्सर क्युवेटमधल्या पाण्यात बुडवून बघा. दोन-अडीच अंशांचा फरक मी कितीतरी वेळा पाहिला आहे. एरवी एवढ्याने काही बिघडत नाही, पण इथे सिट्रेट सिंथेजची घडी मोडण्याच्या उंबरठ्यावर आपण उभे असतो, आणि दोन अंश कमी म्हणजे शांततेचा काळ कितीतरी लांबतो. बफर आधी पूर्ण तापू द्या, डोमेन टाका, ढवळा, आणि थंड सिट्रेट सिंथेज सर्वांत शेवटी, अगदी थोड्या आकारमानात.

इथेच पीएचही बघून घ्या. ट्रिस या बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ८.० केलेला बफर ४३ अंशांवर ७.५ होतो आणि ७५ अंशांवर ६.६ च्या आसपास जातो. हेपेस याच्या निम्म्याने सरकतं, फॉस्फेट जवळजवळ हलत नाही. उष्णताप्रेमी प्रथिनांसाठी ट्रिस वापरायचंच असेल तर ज्या तापमानाला चाचणी आहे त्या तापमानाला पीएच लावा. मी तर ते सोडूनच दिलं.

चौथी तपासणी: आलेखाचा आकार आणि क्युवेटचा तळ

करवतीचे दाते म्हणजे बुडबुडे. थंड बफरमधली विरघळलेली हवा तापल्यावर भिंतीला चिकटते आणि प्रकाशाच्या वाटेत येते. बफर आधी व्हॅक्यूमखाली ठेवून हवा काढा, संपलं.

चढून उतरणाऱ्या आलेखाकडे मात्र थांबून बघायला हवं. प्रयोग संपल्यावर क्युवेट बाहेर काढा आणि काळ्या कागदासमोर उजेडात धरा. तळाशी साखरेच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला, आणि हलकेच हलवल्यावर तो भिंगोऱ्या घेत वर आला, तर तुमचा आलेख खाली आला तो संरक्षणामुळे नव्हे. गुठळ्या इतक्या मोठ्या झाल्या की त्या किरणाच्या वाटेतून खाली बसल्या. सतत ढवळणारं चुंबक लावा. ते नसेल तर आलेखाचा चढता भागच विचारात घ्या.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मनाला पटायला वेळ लागतो. ३६० नॅनोमीटरला आपण गुठळ्यांचं वजन मोजत नाही, त्यांनी विखुरलेला प्रकाश मोजतो. विखुरणं कणाच्या आकारावर फार अवलंबून असतं. तेवढंच प्रथिन जर लहान लहान गुठळ्यांत राहिलं तर नळी स्वच्छ दिसते. उलट चॅपरोन आणि सिट्रेट सिंथेज मिळून मोठे, पण विरघळलेले संकुल बनवत असतील तर नळी गढूळ दिसेल. म्हणून गढूळपणावर एकट्यावर कधीही निकाल देऊ नका. अर्ध्या तासाने नमुना काढा, १६,००० जी वर पंधरा मिनिटं फिरवा, वरचं पाणी आणि तळाचा गाळ जेलवर (जिथे प्रथिनं आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत पडतात) शेजारी शेजारी चालवा. ४९ किलोडाल्टनची पट्टी कुठे आहे ते बघा. डोमेनचीही पट्टी गाळात सापडली, तर 'डोमेन टाकल्यावर गढूळपणा वाढतो' या तक्रारीचं उत्तर मिळालं: ते सिट्रेट सिंथेजला धरतंय, पण धरून दोघंही खाली बसताहेत. तिथे सहसा डोमेनचं प्रमाण कमी पडलेलं असतं. वाढवून बघा.

पाचवी तपासणी: प्रमाण खरंच तेवढं आहे का

लहान डोमेनमध्ये ट्रिप्टोफॅन बऱ्याचदा नसतंच, टायरोसिनही कधी एखादंच. अशा डोमेनचं २८० नॅनोमीटरचं रीडिंग म्हणजे जवळपास अशुद्धीचंच रीडिंग. २०५ नॅनोमीटरला मोजा, तिथे पेप्टाइडचे बंध स्वतः प्रकाश शोषतात. मात्र इमिडॅझोलही तिथे भरपूर शोषतं, तेव्हा डायलिसिस आधी. प्रमाण लिहिताना साखळ्यांच्या हिशेबाने लिहा आणि वहीत तसं नोंदवा. १० किलोडाल्टनचं डोमेन आणि ४९ किलोडाल्टनचं एन्झाइम वजनाने सारखं घेतलं, तर रेणूंच्या हिशेबाने डोमेन पाचपट झालं. दोन वेगवेगळ्या लोकांचे निकाल न जुळण्यामागे हा हिशेब पुष्कळदा असतो.

सहावी तपासणी: काम डोमेन करतंय की ई. कोलाय

ई. कोलायकडे स्वतःचे चॅपरोन आहेत, आणि अर्धवट घडीचा तुकडा बनवायला लावला की ते त्याला चिकटून कॉलममधून सोबत येतात. जेलवर भरपूर नमुना भरा, पट्टी जाडजूड येऊ द्या, आणि ५७ च्या आसपास ग्रोईएल आणि ७० च्या आसपास डीएनएके शोधा. डीएनएकेसाठी कॉलमवरच एटीपी आणि मॅग्नेशियमने धुणं उपयोगी पडतं, कारण एटीपी मिळालं की तो पकड सोडतो.

स्लायडी या प्रथिनाची गोष्ट वेगळी आहे. ई. कोलायच्या स्लायडीच्या शेपटाला हिस्टिडीन इतकी आहेत की तो कोणत्याही टॅगशिवाय निकेल कॉलमला धरतो. आणि तो स्वतः चॅपरोन आहे. थर्मस थर्मोफिलस या उष्णताप्रेमी जिवाणूच्या स्लायडीचं डोमेन अभ्यासणाऱ्याच्या नमुन्यात ई. कोलायचाच स्लायडी बसलेला असणं, ही खरोखर घडणारी गोष्ट आहे.

उष्णताप्रेमी प्रथिनाचा मोठा फायदा इथे घ्या. पेशी फोडल्यावर मिळालेला रस ७० अंशांवर वीस ते तीस मिनिटं ठेवा, ई. कोलायची बहुतेक प्रथिनं पांढऱ्या साक्यासारखी खाली बसतात, तुमचं वर राहतं. ग्रोईएल इतरांच्या मानाने चिवट आहे, तेव्हा एवढ्यावर विसंबून राहू नका. खात्रीचा कंट्रोल असा: रिकामा प्लास्मिड (डोमेनचं जनुक नसलेलं डीएनएचं कडं) असलेल्या पेशी घ्या, त्यांच्यावर हीच सगळी शुद्धीकरणाची वाट चालवा, आणि शेवटी जे काही उतरेल ते चाचणीत टाका. त्यानेही संरक्षण दिलं तर उत्तर मिळालं.

सातवी तपासणी: डोमेन गारठलंय का

आता डोमेनकडे वळू. मिथॅनोकाल्डोकॉकस जॅनाशी हा सूक्ष्मजीव ८५ अंशांच्या आसपास सुखात वाढतो. त्याच्या एचएसपी १६.५ या लहान हीट शॉक प्रथिनाची स्फटिक रचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली: २४ साखळ्यांचा एक पोकळ गोल. हा गोल सतत थोडा सुटतो आणि पुन्हा जुळतो, साखळ्या एका गोलातून दुसऱ्यात जातात, आणि ही हालचाल ६० अंशांच्या वर गेल्यावरच नीट दिसते. आपण मात्र त्याला ४३ अंशांवर काम करायला सांगतो. त्याच्या दृष्टीने ती कडाक्याची थंडी आहे. गोल घट्ट मिटलेला, चिकट पृष्ठभाग आत दडलेला. अशा वेळी 'चॅपरोन क्रिया नाही' असा निकाल लिहिणं अन्यायाचं आहे.

म्हणून दोन नमुने शेजारी ठेवा. एक थेट फ्रीजमधून, दुसरा फॉस्फेट बफरमध्ये, झाकण घट्ट लावून, ७० अंशांवर पंधरा मिनिटं तापवून मग ४३ वर आणलेला. काहींत उष्णतेने आलेला मोकळेपणा खाली आणल्यावरही थोडा टिकतो, काहींत लगेच मिटतो. दोन्ही निकाल उपयोगाचे आहेत. त्याहून चांगलं म्हणजे डोमेनलाच त्याच्या घरच्या तापमानात विचारणं. ई. कोलायचा कच्चा रस घ्या, एका नळीत डोमेन, दुसरीत शेवटच्या डायलिसिसचं द्रावण, दोन्ही ६०, ७० आणि ८० अंशांवर ठेवा, फिरवा आणि वरच्या पाण्याचं जेल चालवा. जिथे डोमेनमुळे पट्ट्या जास्त टिकल्या ते त्याचं खरं क्षेत्र.

पण हे सरसकट लावू नका. स्लायडीच्या आयएफ डोमेनसारखी डोमेनं मोठा गोल बनवत नाहीत, त्यांचा चिकट भाग आधीच उघडा असतो आणि ती थंडीतही पकड घेतात. तापवल्याने क्रिया वाढते की तशीच राहते, यावरून तुमचं डोमेन कोणत्या जातीचं ते कळतं.

उष्णतेचा गुंताच नको असेल तर इन्सुलिनची चाचणी करा. डीटीटी या रसायनाने दोन साखळ्यांमधले बंध तुटले की बी साखळी ३७ अंशांवर किंवा त्याखालीही गाळ होऊन बसते. डीटीटी त्याच दिवशी विरघळवलेलं हवं. शिळं वापरलं की बंध उशिरा तुटतात आणि तो उशीर डोमेनच्या खात्यावर जमा होतो.

आठवी तपासणी: तुकडा नीट कापलाय का

इथून पुढे महिने जातात. लहान हीट शॉक प्रथिनांतलं अल्फा-क्रिस्टलिन डोमेन सुमारे ९० अमिनो आम्लांचं असतं, पण लहान हीट शॉक प्रथिनाचा मोठा गोल बांधायला मागच्या शेपटातला छोटा आयसोल्युसिन-क्ष-आयसोल्युसिन (क्ष म्हणजे कोणतंही अमिनो आम्ल) तुकडा लागतो. नेटकं डोमेन कापताना तो गेला तर उरतात सुट्या जोड्या. त्या नालायक नसतात, पण अख्ख्या प्रथिनाशी तुलना करताना हे माहीत असायला हवं. आयएफ डोमेन तर दुसऱ्या डोमेनच्या मध्ये खोचलेलं असतं, त्याची दोन्ही टोकं यजमानात रुतलेली. सुटं काढल्यावर ते डळमळत असेल तर त्याला यजमान द्या. हेच आयएफ डोमेन माणसाच्या एफकेबीपी १२ मध्ये बसवल्यावर त्या एन्झाइमचा प्रथिनांच्या घडीतला वेग कित्येक पटींनी वाढल्याचं दाखवलं गेलं आहे, म्हणजे वाट मळलेली आहे.

हिस्टिडीनचा टॅग कापून आणि न कापून, दोन्ही करून बघा. टॅगला चिकटून आलेलं निकेल गुठळ्या वाढवू शकतं.

घडी बसली आहे का हे बघायला रंग टाकून वितळण्याचा आलेख काढणार असाल तर एक खबरदारी: उष्णताप्रेमी डोमेन बऱ्याचदा ९५ अंशांपर्यंत वितळतच नाही आणि रेघ सपाट येते. घडी नसलेल्या तुकड्याची रेघही अशीच, उडी न मारणारी. नुसत्या उडीवरून दोन्हींतला फरक कळत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तापमानाचा सेन्सर आणि पडदा यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा तो रोज बदलत असेल, तर यंत्राच्या इंजिनिअरला बोलवा. तापवणारा ठोकळा स्वतः उघडू नका.

जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या कॉलममध्ये) डोमेन सगळ्यांत पुढे, गाळणीच्या मर्यादेबाहेर येत असेल तर चॅपरोन चाचण्या थांबवा. ते स्वतःच गुठळी झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. एचएसपी १६.५ चा पूर्ण गोल २४ गुणिले १६.५, म्हणजे जवळपास ४०० किलोडाल्टन भरतो. तुमचं शिखर अपेक्षेपेक्षा फार पुढे किंवा फार मागे असेल तर खरं वजन प्रकाश-विखुरण जोडलेल्या कॉलमवर किंवा अॅनॅलिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूजवरच ठरतं, आणि ती आकडेमोड अनुभवी बायोफिजिक्सवाल्याकडूनच करून घ्या.

आणि पहिल्या सहा तपासण्या स्वच्छ असूनही, वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या तीन खेपा तीन वेगळी उत्तरं देत असतील, तर चौथी खेप बनवू नका. सर्क्युलर डायक्रोइझम आणि एनएमआर (प्रथिनाची घडी तपासण्याच्या पद्धती) करणाऱ्या प्रयोगशाळेशी बोला. जाताना तिन्ही खेपांचे वाटे, शेवटच्या डायलिसिसचं द्रावण, पूर्ण अमिनो आम्लांची मालिका आणि जाड भरलेल्या जेलचा फोटो सोबत न्या. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न बफरचाच विचारतील.